कुलवृत्ताचा शोध आणि घरबसल्या पाहता येणारी जुनी दप्तरे
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात काही बोलावे अशी आज्ञा संघाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे शिक्षकाची सनद घेतली आणि अडतीस वर्षे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. संशोधन हा शब्द उच्चारण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु गेल्या दोन-अडीच वर्षांत आमच्या घरी एका हरवलेल्या माणसाचा शोध लागला, आणि तो लागावा म्हणून जी दप्तरे आम्ही धुंडाळली त्यांतील बहुतेक घरबसल्या, एक पैसाही न देता पाहता येतात, ही गोष्ट चिटणीसांच्या कानी गेली. तीच हकीकत येथे सांगा, असा त्यांचा आग्रह पडला. म्हणून आज आपल्यासमोर उभे आहोत.

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान अधिक वाढले जाई. ते 'बसरेवाल्यां'चे. आमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात सुतारकाम करावयास म्हणून मुंबईहून बोटीने बसऱ्यास गेले ते परत आले नाहीत. कधी वारले, कसे वारले, कोणास ठाऊक नाही. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण पुढे पुढे त्यांचे नावसुद्धा घरात कोणास आठवेनासे झाले. आमचे वडील 'बसरेवाले काका' म्हणत, आम्ही 'बसरेवाले आजोबा' म्हणू लागलो आणि मूळ नाव त्या बिरुदाखाली दडपून गेले. पान वाढताना आमची आई नुसतेच 'बसऱ्याला गेलेले' असे म्हणून हात जोडी.

या गोष्टीला चालना मिळाली ती दूरदेशी. आमची पुतणी नोकरीनिमित्त आयर्लंडात, डब्लिन शहरी असते. ज्या बाईंच्या घरी ती भाड्याने राहते त्या सत्तरी ओलांडलेल्या. एका पावसाळी रविवारी त्यांनी तिला आपल्या संगणकावर एक कागद दाखविला. तो होता १९११ सालच्या खानेसुमारीचा, त्यांच्या आजीच्या माहेरच्या घराचा, घरमालकाने स्वहस्ते भरलेला तक्ता. घरातील प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, वय, धंदा, जन्म कोठल्या परगण्यातला, भाषा कोणती, आणि लिहिता-वाचता येते की नाही. बाईंची आजी तेव्हा लहान मुलगी होती. तिच्या नावापुढे लिहिले होते, 'वाचता येते'. तिच्या आईच्या नावापुढे मात्र, 'वाचता येत नाही'. पुतणीने त्याच रात्री आम्हांस फोन केला आणि विचारले, "काका, आपल्याकडे असं काही आहे का हो?"

त्या एका प्रश्नाने आमची झोप उडाली. आम्ही तिला म्हणालो, "पाहतो." आणि पाहू लागलो.

आयर्लंडची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तो देशही आपल्याप्रमाणेच इंग्रजी अमलाखाली होता. ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११ या दोन दिवशी तेथे झालेल्या खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने छायाचित्रांसह सर्वांना फुकट खुले केले आहेत. नाव घाला, परगणा घाला, आणि घर समोर येते. हे वाचून आमच्या मनात प्रथम आली ती असूया. पण पुढे वाचता वाचता कळले की इंग्रजी अमलातील तक्त्यांपैकी त्यांच्या हाती हेच दोन पूर्ण उरले आहेत. १८६१ व १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट करविले. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. त्याआधीचे, १८२१ पासून १८५१ पर्यंतचे, डब्लिनच्या न्यायालयांच्या आवारातील अभिलेखागारात होते. १९२२ च्या जून महिन्यात यादवीच्या लढाईत ती इमारत उडाली, आणि शतकांचे कागद जळून त्यांची राख शहरावर पडली. थोडेफार तुकडे तेवढे वाचले.

या जळालेल्या दप्तरांतील काही माहिती एका विलक्षण मार्गाने शिल्लक राहिली आहे, आणि ती वाट आपल्या ओळखीची आहे. १९०८ साली तेथे वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यास पेन्शन. परंतु जन्माची सरसकट सरकारी नोंद तेथे १८६४ पासूनची. सत्तरीच्या माणसाजवळ जन्माचा दाखला असणार कोठून? मग लोक अर्ज करीत, की १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत आमचे घर पाहा आणि आमचे वय काय लिहिले आहे ते सांगा. कारकून मूळ तक्ता शोधून उतारा घेत. मूळ तक्ते पुढे जळाले, उताऱ्यांचे कागद राहिले. आज तेही फुकट पाहता येतात. दाखल्यासाठी, जुन्या पुराव्यासाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजविणारी माणसे तेथेही होती, आणि त्यांच्या त्या खेपांमुळेच पूर्वजांची नावे वाचली.

आपल्यापैकी किती जणांनी मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधीत फिरण्याचा अनुभव घेतला आहे, हे येथे हात वर करून विचारण्याची आवश्यकता नाही. आजोबांच्या शाळेचा उतारा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुना फेरफार, काय काय आपण काढले! आणि दाखला हाती पडताच ते सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वर टाकले. त्या पिशवीत आपले निम्मे कुलवृत्त पडलेले आहे. आम्ही घराघरांत विचारून पाहिले. पिशवी आहे, पण वडिलांच्या वडिलांपलीकडे त्यात कोण आहे, हे पाहण्यासाठी ती कोणी उघडलेली नाही.

आता पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे खानेसुमारी झाली नाही असे नाही. १८७२ पासून होत आली. १८८१ च्या फेब्रुवारीत ती प्रथम सर्व देशभर एकाच वेळी झाली, आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी होण्याचा प्रघात पडला. तिचे जुने अहवाल भारत सरकारच्या जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आम्ही मोठ्या उमेदीने मुंबई इलाख्याचे ग्रंथ उघडले. रत्नागिरी जिल्ह्यात किती माणसे, किती घरे, कोणत्या ज्ञातीचे किती स्त्री-पुरुष, किती साक्षर, सर्व आहे. नाव मात्र एकाचेही नाही. घरोघरी फिरून गणतीदारांनी जी नावे लिहिली, त्यांची बेरीज झाल्यावर ते कागद जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपण दिलेली माहिती गुप्त असते. ती कोणास पाहावयास मिळत नाही. ज्ञातिवार पूर्ण आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले नव्हते. २०२७ च्या जनगणनेत ज्ञातीची नोंद घेण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. त्यावर संघात चर्चा होते ती आकड्यांची होते. ती अवश्य व्हावी. पण कुलवृत्त शोधणाऱ्याने एवढे समजून असावे की त्यातून आपला पणजोबा सापडावयाचा नाही.

तरी ते अहवाल अगदीच टाकाऊ नाहीत. १८८० साली निघालेले रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटिअर, म्हणजे इलाख्याच्या मालिकेतील दहावा खंड, तेही आज फुकट वाचता येते. आपले बापजादे त्या काळी कोणते काम करीत, कोकणातून मुंबईस माणसे कशी जात, हे त्यावरून कळते. पूर्वजाचे नाव नसले तरी तो ज्या अंगणात वावरला ते अंगण दिसते. इंग्रजी येत नसेल तर घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. मुलालाही दोन घटका आपल्याजवळ बसावे लागेल.

असो. नावे हवी असतील तर दुसरीकडे जावयास हवे. आणि येथे आमची पहिली चूक झाली. आम्ही पुतणीच्या मदतीने संगणकासमोर बसलो आणि 'बसरा', 'सुतार', 'रत्नागिरी' असे शब्द घालीत राहिलो. पंधरा दिवस गेले. सुतार पुष्कळ निघाले, आमचा कोणता ते कळेना. कारण नावच माहीत नव्हते. शेवटी मनाशी म्हटले, आपण रंधा हाती धरणाऱ्यांची पोरे. लाकडाची गाठ कोठे आहे ते न पाहता रंधा लावला तर तो अडकणारच. आणि आम्ही आत्याकडे गेलो.

आमची आत्या नव्वदीच्या पुढे आहे. कान मंद झाले आहेत, परंतु स्मरण असे लख्ख की विचारता सोय नाही. आम्ही तिच्यासाठी आपल्या संघाचा एक जुना वार्षिक अंक नेला होता. त्यात आमच्या घराण्याची वंशावळ छापली होती, सात पिढ्यांची. ती आम्हीच मोठ्या कष्टाने तयार केली होती आणि तिचा आम्हांस अभिमान होता. आत्याने चष्मा लावून ती बोटाने खालपर्यंत पाहिली. मग विचारले, "ह्यात मी खंय आसंय रे?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. सात पिढ्यांत बहात्तर पुरुष होते, आणि एकही मुलगी नव्हती. सुनांच्या जागी काही ठिकाणी 'पत्नी' एवढाच शब्द. आम्ही अडतीस वर्षे मुलींना शाळेत आणण्यासाठी दारोदार फिरलेला माणूस, आणि आमच्याच हातून हे घडले. तिकडे त्या आयरिश बाईंच्या पणजीस वाचता येत नव्हते, पण तिचे नाव, तिचे वय, तिला किती मुले झाली आणि त्यांतली किती जगली, हे सारे १९११ च्या तक्त्यात लिहिलेले आहे. येथे आत्या समोर बसली होती आणि कागदावर ती नव्हती.

आत्या रागावली नाही. बसरेवाल्यांचे नाव विचारले तेव्हा तिलाही ते आठवेना. तिच्या जन्माआधीच ते गेलेले. पण ती म्हणाली की तिची आजी, म्हणजे बसरेवाल्यांची आई, सांगत असे: युद्ध संपल्यावर एक-दोन वर्षांनी सिंहस्थ आला, तेव्हा घरची माणसे नाशकास गेली होती आणि 'पोराचं नाव तिथं घालून आली.' नाव घालून आली, म्हणजे कोठे? तर उपाध्यायांच्या वहीत.

सिंहस्थ १९२०-२१ चा. आपल्या तालुक्याचे यजमान नाशकात कोणत्या उपाध्यायांकडे असतात हे विचारीत आम्ही गेलो. तिसऱ्या घरी वही निघाली. मोडीत लिहिलेले. आमचे मोडी यथातथाच. परंतु उपाध्यायांच्या घरातील एका वृद्ध गृहस्थांनी ती वाचून दाखविली. आमच्या पणजोबांचे नाव, गाव, कूळ. मुलगे तीन, त्यांतील धाकट्याचे नाव आणि पुढे 'बसऱ्यास मयत'. खाली पणजोबांचा अंगठा. पणजोबा पत्नीसह आले होते, आणि पणजीचे नाव तेथे लिहिलेले होते. हे नाव आम्ही प्रथमच ऐकले. आमच्या सात पिढ्यांच्या वंशावळीत ती 'पत्नी' होती.

नाव मिळाल्यावर पुढचे काम अर्ध्या तासाचे निघाले. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने जे मेले त्यांच्या स्मारकांची निगा राखणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. १९१७ साली तिची स्थापना झाली. तिच्या संकेतस्थळावर मृतांची नोंद कोणासही फुकट शोधता येते. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा की त्यात फक्त गोरे शिपाई किंवा बंदूकवाले असतील. तसे नाही. खलाशी, गाडीवान, पाणके, मजूर, सुतार, लोहार, जे जे पलटणीबरोबर गेले त्यांच्याही नोंदी आहेत. पुष्कळ हिंदी माणसांच्या नोंदीत 'अधिक माहिती' म्हणून बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. हीच खरी किल्ली. नुसते 'सखाराम सुतार' घातले तर चार निघतील. बापाचे नाव व गाव जुळले तरच तो आपला.

आमच्या बाबतीत दोन माणसे एकाच नावाची निघाली. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. एकाच्या बापाचे नाव भलतेच होते. दुसऱ्याच्या बापाचे नाव पणजोबांचे, त्यातील एक अक्षर गळलेले. गावाच्या नावाचे तर इंग्रजी कारकुनाने पार भरीत केलेले. पण मोठ्याने वाचताच पुतणी फोनवर ओरडली, "काका, हे आपलंच गाव!" आडनावाच्या जागी नुसते 'सुतार'. आज आपण गावावरून 'कर' लावतो, ते त्या वेळी लावीत नव्हते. हे लक्षात न घेता आम्ही आजच्या आडनावाने शोधीत बसलो असतो तर जन्मात सापडले नसते. नोकरी, नद्यांतून बोटींनी वाहतूक करणाऱ्या 'इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट' या खात्यात सुतार म्हणून. मृत्यू, नोव्हेंबर १९१७. स्मारक, बसरा.

या बसऱ्याच्या स्मारकाबद्दल दोन शब्द सांगितल्याविना पुढे जाववत नाही. १९१४ च्या शरदापासून १९२१ च्या ऑगस्टपर्यंत मेसोपोटेमियात जे मेले आणि ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक आहे. १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. १९९७ मध्ये ते मूळच्या जागेवरून हलवून वाळवंटात नेले गेले. त्या स्मारकाच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. बाकीच्या हिंदी माणसांची मात्र पथकाच्या नावाखाली केवळ संख्या घातली. अमुक पथक, आणि इतके इतर. २०२१ साली त्या संस्थेनेच चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव मान्य केला व क्षमा मागितली. म्हणजे भिंतीवर आमचे आजोबा एक आकडा होते. घरात ते 'बसरेवाले' होते. नाव फक्त दोन ठिकाणी राहिले: संस्थेच्या यादीत आणि नाशकातल्या वहीत. यादी एकटी असती तर ती आम्हांस वाचता आली नसती. वही एकटी असती तर तारीख कळली नसती.

ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर होते त्यांनी आणखी एक स्मारक ध्यानात ठेवावे. मुंबईस मस्जिद बंदराजवळ भारतीय खलाशांच्या निवासात ते आहे. पहिल्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची ती स्मृती. त्यांची नोंदही याच संकेतस्थळावर सापडते. कोकणातील कितीतरी घरांत 'बोटीवर गेला तो गेलाच' अशी गोष्ट सांगतात. त्यांनी अवश्य पाहावे.

दुसरे मोठे विनामूल्य दप्तर म्हणजे 'फॅमिलीसर्च'. अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८९४ साली युटा येथे वंशावळींची एक संस्था काढली. त्यातून हे वाढले. देशोदेशींच्या चर्चांची, कचेऱ्यांची दप्तरे त्यांनी सूक्ष्मपटांवर घेतली, आणि चोवीस लाखांहून अधिक रिळे २०२१ पर्यंत संगणकावर आणली. नाव नोंदवावे लागते, पैसे लागत नाहीत. कोणी म्हणेल, परधर्मीयांनी हा उपद्व्याप कशासाठी केला? त्यांच्या धर्मात पूर्वजांसाठी करावयाचे विधी आहेत, त्यासाठी. ज्याच्या घरी पितृपक्ष पाळतात त्याला हे समजण्यास अडचण पडू नये. हरिद्वार आदी ठिकाणच्या पंड्यांच्या वह्या तेथे आहेत. परंतु नाव टाकले की पान उघडले असा प्रकार नाही, पानोपान चाळावे लागते. आमच्या कामास त्या आल्या नाहीत.

त्याच संकेतस्थळावर सर्व जगाचा मिळून एक वंशवृक्ष आहे आणि त्यात कोणीही भर घालू शकतो, कोणीही बदल करू शकतो. सावध राहावे. कोणाच्याही वृक्षात आपले नाव दिसले म्हणून ते आपले कूळ होत नाही. हौशी वंशावळी आम्ही इतरत्रही पाहिल्या. एकात चौथ्या पिढीपर्यंत गावाचे नाव बरोबर आणि पाचव्या पिढीला थेट विश्वकर्मा! मधले हजारो वर्षांचे कागद कोठे गेले, हे त्या सद्गृहस्थांनी सांगितले नाही. आणि जिवंत माणसांची जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, पत्ता हे सर्वांना दिसेल असे कोठेही टाकू नये. बँकेच्या नावाने फोन करून लुबाडणारे याच गोष्टी विचारतात.

महाराष्ट्र शासनानेही अनेक तालुक्यांतील जुने सातबारे, फेरफार व इतर गावनमुने छायांकित करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. प्रत उतरवून घेण्यास थोडे शुल्क पडते. फेरफाराचे विशेष असे की माणूस मेल्यावर वारसांची नोंद होते, म्हणून एका कागदावर दोन पिढ्या भेटतात. आणि वारसांत मुलींचीही नावे येतात, मग पुढे त्यांनी हक्क सोडला तरी. ज्या वंशावळीत मुली नाहीत ती दुरुस्त करण्यास यासारखे साधन नाही. आमची आम्ही त्यावरूनच करीत आहोत.

आता एक कबुली. जुन्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये असे आम्ही सांगतो, ते आम्ही स्वतः नोंदी लिहिल्या म्हणून. शाळेच्या जनरल रजिस्टरात दाखल होणाऱ्या मुलाची जन्मतारीख लिहावी लागे. आई सांगे, "गुरुजी, भात कापताना झाला," किंवा "गणपती येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी." आम्ही बोटांवर सहा वर्षे मोजीत असू आणि लिहीत असू: १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसते, काम संपले. आज मोबाइलवरील आपल्या संघाच्या गटात १ जूनला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जो पूर लोटतो त्यात आमच्या हातची कितीतरी मंडळी आहेत. आमची स्वतःची नोंदही आमच्या गुरुजींनी १ जून अशीच केली. आई सांगे, आम्ही नागपंचमीच्या आदल्या रात्री झालो. आम्ही त्या आईबापांना आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर त्या मुलांना आपला दिवस मिळाला असता. विचारले नाहीत. पन्नास पोरांचा वर्ग, दाराशी रांग, आणि साहेबांना पाठवावयाचा तक्ता. असो.

आयर्लंडातही हेच. १९०१ च्या तक्त्यात पन्नाशीची असलेली बाई १९११ च्या तक्त्यात पासष्टीची झालेली सापडते. दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढली! मध्ये पेन्शनीचा कायदा आला होता. कोणी मुद्दाम वय वाढविले असेल. कित्येकांना ते ठाऊकच नसेल आणि प्रथमच विचार करावा लागला असेल. तेव्हा नोंद वाचताना ती कोणी लिहिली, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिली आणि त्या वेळी त्याला काय हवे होते, हे पाहावे. एकाच कागदावर निश्चय करू नये. नाव, बाप, गाव यांतील दोन जुळले तर आशा धरावी. तिन्ही जुळले तर मानावे.

बसरेवाल्यांची तारीख मिळाल्यावर आम्ही ती गावच्या भटजींकडे नेली. त्यांनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली. कार्तिकाच्या शुद्ध पक्षातली निघाली. गेल्या कार्तिकात त्या तिथीस आमच्या घरी त्यांचे श्राद्ध झाले. शंभरांहून अधिक वर्षांनी प्रथमच त्यांच्या नावाने संकल्प सोडला. आत्या आली होती. तिने ते नाव दोनदा विचारून घेतले, कारण ऐकू नीट येत नाही. मग स्वतःशीच तिसऱ्यांदा म्हणाली. सर्वपित्रीचे ते अधिक पान आम्ही बंद केलेले नाही. घरात अशी आणखीही माणसे असतील ज्यांचे नाव राहून गेले आहे.

वंशावळीची दुरुस्त आवृत्ती संघाच्या पुढील अंकासाठी तयार होत आहे. तीत मुली येतील, आणि सुनांची माहेरची नावे येतील. आत्या चौथ्या पिढीत आहे. संपादक मंडळींनी आत्ताच सांगितले आहे की पाने वाढतील आणि छपाईचा खर्च वाढेल. त्या वाढीव पानांचा खर्च आम्ही देऊ. आमची वंशावळ अपुरी छापली गेली तो दोष आमचा होता.

आज भोजन झाल्यावर मंडपाच्या उजव्या अंगाला एका टेबलाशी आम्ही आणि आमची पुतणी बसणार आहोत. ती सुटीवर आली आहे आणि तिने आपला संगणक आणला आहे. ज्यांना आपल्या घरचा कोणी युद्धावर किंवा बोटीवर गेलेला शोधावयाचा असेल त्यांनी यावे. येताना रिकाम्या हाताने येऊ नये. त्या माणसाच्या बापाचे नाव, त्या वेळचे गाव आणि तालुका एका कागदावर लिहून आणावा, आणि तो लिहिण्यापूर्वी घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईस विचारावे. पुष्कळ जणी येथेच पुढच्या रांगेत बसल्या आहेत.